न झालेल्या लढाईची शेकडो चित्रं

इ.स.पू. ४७९. प्लाटियाच्या मैदानात ग्रीक फौजा इराणी सैन्यासमोर तळ ठोकून आहेत आणि लढाईला तोंड फुटण्याआधीच ग्रीकांचं आपसात जुंपलं आहे. उजवी फळी स्पार्टाची, याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण डावी कुणाची? टेगियाचे लोक म्हणतात आमची, अथेन्सचे म्हणतात आमची. हिरोडोटस या इतिहासकाराने ही हुज्जत नोंदवून ठेवली आहे. अथेन्सवाले आपल्या पराक्रमांचा पाढा वाचतात. मॅरेथॉनला इराण्यांना पाणी पाजलं हे ते सांगतातच. त्याला तेव्हा अकराच वर्षं झाली होती. पण त्याआधी ते आणखी एक दाखला देतात: थर्मोडॉन नदीकडून अ‍ॅमेझॉन बायका आमच्या मुलखावर चालून आल्या होत्या, त्यांनाही आम्ही पुरून उरलो. डावी फळी अथेन्सला मिळते.

अथेन्सची अ‍ॅमेझॉनांशी अशी लढाई कधी झालीच नव्हती. ती पुराणकथा आहे. तरीही ग्रीकांनी ती देवळांवर कोरली, भिंतींवर रंगवली, मद्याच्या प्याल्यांवर आणि अत्तराच्या कुप्यांवर चितारली. कलेच्या इतिहासात या विषयाला ‘अ‍ॅमेझॉनोमॅकी’ म्हणतात, म्हणजे अ‍ॅमेझॉनांशी झालेलं युद्ध. इ.स.पू. ७०० च्या आसपास ही चित्रं दिसू लागतात आणि थेट रोमन काळापर्यंत थांबत नाहीत.

प्रश्न सरळ आहे. अथेन्समध्ये बाईला मत नव्हतं, सभेत बोलता येत नव्हतं, कायद्याने तिच्या डोक्यावर कायम बाप, नवरा नाहीतर मुलगा असे. अशा समाजाला जागोजागी शस्त्र घेतलेल्या बायका का हव्या होत्या? पुस्तकांत बहुतेक वेळा मिळणारं उत्तर असं, की अ‍ॅमेझॉन म्हणजे वेष पालटलेले इराणी. उत्तर चुकीचं नाही. पण अर्धंच आहे, आणि उरलेला अर्धा भाग मला जास्त मोलाचा वाटतो.

आधी या बायका कोण ते पाहू. ग्रीकांच्या कल्पनेत त्या युद्धदेव अ‍ॅरिसच्या लेकी. घोड्यावर बसणाऱ्या, पुरुषांवाचून राहणाऱ्या. त्यांचं गाव थेमिस्किरा, थर्मोडॉन नदीच्या काठी. ही नदी आजच्या तुर्कस्तानात काळ्या समुद्राला मिळते. ‘इलियड’मध्ये त्या दोनदा ओझरत्या येतात. ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम सांगतो की तरुणपणी फ्रिजियात अ‍ॅमेझॉन चालून आल्या तेव्हा मी तिथे होतो; आणि बेलेरोफोन नावाच्या वीराने त्यांना मारल्याचा उल्लेख आहे. होमर त्यांना ‘पुरुषांच्या तोडीच्या’ असं विशेषण लावतो आणि पुढे जातो. त्या कोण, कुठल्या, हे समजावत बसत नाही. ऐकणाऱ्यांना गोष्ट ठाऊक होती.

कलावंतांनी मुख्यतः तीन गोष्टी उचलल्या. पहिली हेराक्लीसची: त्याच्या बारा कामगिऱ्यांतली नववी, अ‍ॅमेझॉन राणी हिप्पोलिटीचा कमरपट्टा आणण्याची. (जुन्या भांड्यांवर त्याच्यासमोर बहुतेकदा अँड्रोमाकी नावाची अ‍ॅमेझॉन असते, हिप्पोलिटी नाही. चित्रकार कवींच्या पोथीला बांधलेले नव्हते.) दुसरी थीसियसची: अथेन्सच्या या राजाने अँटिओपी नावाची अ‍ॅमेझॉन पळवून आणली, मग तिच्या बहिणी सूड घ्यायला अथेन्सवर चाल करून आल्या. तिसरी ट्रॉयची: तिथला सेनानी हेक्टर मेल्यावर ट्रॉयच्या मदतीला राणी पेंथेसिलिया आली, ग्रीक वीर अकिलीसने तिला मारलं आणि मारता मारता तो तिच्या प्रेमात पडला. थर्साइटीस नावाच्या वाचाळ सैनिकाने यावरून टोमणा मारला, तर अकिलीसने त्यालाही ठार केलं.

सगळ्यात जुनं म्हणून जे चित्र दाखवतात ते टिरिन्सला सापडलेल्या मातीच्या ढालीवर आहे. देवाला वाहिलेली ढाल, काळ इ.स.पू. ७०० च्या आगेमागे. एक योद्धा समोरच्या आकृतीच्या शिरस्त्राणाचा तुरा धरून तलवार उगारतो. समोरच्या आकृतीला स्तन काढलेले आहेत. ती अ‍ॅमेझॉनच, याबद्दल सगळ्या अभ्यासकांचं एकमत नाही, पण तुरा धरून खाली ओढण्याची ही लकब पुढे अ‍ॅमेझॉनांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येते.

खरी बहर आली ती इ.स.पू. सहाव्या शतकात, अथेन्सच्या कुंभारवाड्यात. तेव्हा भांड्यांवर आकृत्या काळ्या रंगात काढायचे आणि तपशील टोकदार हत्याराने कोरायचे. पुरुषाचं अंग काळं, बाईच्या अंगावर वरून पांढऱ्या रंगाचा हात, असा संकेत होता. घरात राहणाऱ्या बाईचा गोरेपणा आणि उन्हात वावरणाऱ्या पुरुषाचा रापलेला रंग, असा त्यामागचा विचार. आता गंमत पाहा. अ‍ॅमेझॉन तर आयुष्यभर उन्हात, घोड्यावर. तरी ती पांढरीच. चिलखत, ढाल, भाला, तुरा सगळं ग्रीक शिपायासारखं, आणि हातपाय तेवढे पांढरे. त्या घोळक्यात बाई कुठली हे डोळ्याला एका क्षणात कळतं. आज रंग उडालेल्या भांड्यावर मात्र कधी कधी अ‍ॅमेझॉन पुरुष होऊन बसते.

या काळातला सर्वोत्तम नमुना ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इटलीतल्या व्हुल्ची इथे सापडलेला, सुमारे चाळीस सेंटिमीटर उंचीचा दोन कानांचा कलश; ‘एक्सेकियासने घडवला’ अशी सहीच त्यावर आहे. काळ इ.स.पू. ५४० ते ५३० च्या दरम्यान. डावीकडे अकिलीस, नखशिखान्त काळा, शिरस्त्राण चेहऱ्यावर ओढलेलं, त्यातून फक्त डोळा दिसतो. उजवीकडे गुडघ्यावर कोसळलेली पेंथेसिलिया, अंगावर बिबट्याचं कातडं, पांढरा चेहरा पूर्ण उघडा. भाला तिच्या गळ्यात शिरलाय, रक्त उडालंय. ती मान वळवून वर पाहते आणि नजर थेट त्याच्या नजरेला भिडते.

एक्सेकियासने इथे काय केलं ते नीट बघण्यासारखं आहे. दोघंच. ना पळणारं सैन्य, ना वर देवता. प्रेमात पडण्याचा क्षण दाखवायचा, पण एकाचा चेहरा झाकलेला. मग सगळा भार त्या दोन डोळ्यांवर. आणि चेहरा दिला आहे तो हरणारीला. बघणाऱ्याचं मन कुणाकडे ओढ घेईल हे चित्रकाराने आधीच ठरवून टाकलं आहे.

सुमारे सत्तर वर्षांनी दुसऱ्या एका चित्रकाराने हाच क्षण रंगवला. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, म्हणून अभ्यासक त्याला या चित्रावरूनच ‘पेंथेसिलिया चित्रकार’ म्हणतात. म्युनिकमधला हा पसरट प्याला जवळजवळ ४३ सेंटिमीटर रुंद आहे. आता तंत्र उलटलं होतं: पार्श्वभूमी काळी, आकृत्या मातीच्या तांबड्या रंगात, त्यामुळे पांढऱ्या कातडीचा संकेत गेला होता. अकिलीस तलवार खुपसतोय, ती गुडघ्यांवर, हात त्याच्या अंगाला लागलेले, मान वर. दोन्ही आकृत्या त्या गोलात मावत नाहीत इतक्या मोठ्या आहेत; अकिलीस उभा राहिला असता तर काठाबाहेर गेला असता. उजव्या कडेला मरून पडलेली दुसरी अ‍ॅमेझॉन गोलाच्या वळणाबरोबर वळली आहे.

हे चित्र प्याल्याच्या आतल्या तळावर आहे. असे प्याले पुरुषांच्या मद्याच्या मैफलीसाठी करत. पिणाऱ्याने मद्य संपवत आणलं की तळातून चित्र वर येई. म्हणजे या बायकांकडे बघणारी मुख्य नजर कुणाची, हा तर्काचा प्रश्नच नाही. भांड्याचा उपयोगच ते सांगतो.

आता राजकारणाकडे येऊ. सहाव्या शतकात बहुतेक भांड्यांवर अ‍ॅमेझॉनांशी लढतो तो हेराक्लीस. आरेत्सोमध्ये यूफ्रॉनिऑसचा एक भव्य कलश आहे, त्यावरही तोच. पण शतक संपता संपता थीसियस पुढे सरकतो. अथेन्समध्ये इ.स.पू. ५०८-५०७ ला क्लाइस्थेनीसच्या सुधारणा झाल्या, लोकशाहीची घडी बसू लागली, आणि शहराला स्वतःचा, घरचा नायक हवा होता. हेराक्लीस साऱ्या ग्रीसचा, थीसियस अथेन्सचा. एरेट्रिया शहरातल्या अपोलोच्या देवळाच्या दर्शनी त्रिकोणात थीसियस अँटिओपीला उचलून रथात घेतोय असं शिल्प होतं. संगमरवरातलं, काळ इ.स.पू. ५०० च्या जवळपासचा. त्याच सुमारास मायसन नावाच्या चित्रकाराने एका घटावर एका बाजूला हेच अपहरण रंगवलं आणि दुसऱ्या बाजूला चितेवर बसलेला लिडियाचा राजा क्रीसस. तो घट आता लूव्हरमध्ये आहे.

एरेट्रिया इ.स.पू. ४९० मध्ये इराण्यांनी जाळलं. हे शिल्प त्याआधीचं. म्हणजे त्रिकोणातली अँटिओपी इराणी सैन्याचं रूपक असू शकत नाही. ते सैन्य अजून आलंच नव्हतं. तंग विजार, नक्षीदार बाह्या, मऊ टोपी, धनुष्यबाण हा पूर्वेकडचा पेहरावही अ‍ॅमेझॉनांच्या अंगावर मॅरेथॉनच्या आधीपासून चढलेला दिसतो. तो काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या भटक्या सिथियन तिरंदाजांचा पोशाख होता आणि काळ्या समुद्राच्या व्यापारामुळे अथेन्सला तो परिचयाचा होता.

तरीही इ.स.पू. ४८० नंतर गोष्टीचा अर्थ पालटला हे खरं. त्या वर्षी इराणी सम्राट झर्क्सिसच्या फौजेने अथेन्स घेतलं. हिरोडोटस सांगतो की त्यांनी देवळांचा गड असलेल्या अ‍ॅक्रोपोलिससमोरच्या अ‍ॅरिओपॅगस टेकडीवर तळ दिला आणि ताग गुंडाळून पेटवलेले बाण वरच्या लाकडी तटबंदीवर सोडले. देवळं जळाली. बावीस वर्षांनी, इ.स.पू. ४५८ मध्ये, एस्किलसच्या नाटकात अथेना देवी याच टेकडीची कुळकथा सांगते: थीसियसवर चालून आलेल्या अ‍ॅमेझॉनांनी इथे छावणी टाकली होती. प्रेक्षकांत पन्नाशी-साठीचे जे पुरुष बसले होते त्यांच्या हयातीतच त्या टेकडीवर खरी छावणी पडली होती. एस्किलस स्वतः मॅरेथॉनला लढला होता. इथे कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच सुमारास बाजारचौकात खांबांची एक लांब ओसरी उभी राहिली आणि तिच्या आत मोठी चित्रं लागली. पॉसेनियस या प्रवाशाने सहाशे वर्षांनी ती पाहिली आणि क्रमाने नोंदवली: ओइनोईची लढाई, मग थीसियस आणि अ‍ॅमेझॉन, मग ट्रॉयचा पाडाव, मग मॅरेथॉन. पुराण आणि इतिहास एकाच भिंतीवर, शेजारी शेजारी, एकाच मापाने. अ‍ॅमेझॉनांचं चित्र मिकॉनचं. ते आज नाही. पण त्याचा ठसा भांड्यांवर उमटलेला दिसतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये इ.स.पू. ४५० च्या सुमाराचा एक मोठा कलश आहे. त्यावर लढणारे एका रेषेत उभे नाहीत, कुणी वर, कुणी खाली, जणू डोंगरउतारावर. माणसं अशी वरखाली मांडण्याची रीत मिकॉन आणि त्याचा जोडीदार पॉलिग्नोटस यांच्या भिंतीचित्रांतून आली असं मानलं जातं.

आणि मग पार्थेनॉन, अथेना देवीचं देऊळ. इ.स.पू. ४४७ मध्ये काम सुरू झालं. बाहेरच्या बाजूला छताखाली चौकोनी उठावशिल्पं, एकूण ९२. पूर्वेला देव आणि राक्षसांची लढाई, दक्षिणेला अर्धे घोडे असलेल्या सेंटॉरांशी, उत्तरेला ट्रॉय, आणि पश्चिमेला १४ चौकटींत अ‍ॅमेझॉन. अ‍ॅक्रोपोलिसच्या दारातून आत आल्यावर आधी दिसते ती पश्चिम बाजू. दुर्दैवाने ही शिल्पं सगळ्यात जास्त छिन्नविच्छिन्न झालेली आहेत. देवळाचं चर्च झालं त्या काळात त्यांवर मुद्दाम घाव घातले असं समजतात. देवळाच्या आत फिडियसने घडवलेली सोन्याची आणि हस्तिदंताची अथेना होती, सुमारे बारा मीटर उंच. तिच्या ढालीच्या बाहेरच्या अंगावर पुन्हा अ‍ॅमेझॉन, खडकाळ चढावर लढणाऱ्या. मूर्ती गेली, पण ढालीची एक संगमरवरी नक्कल ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. प्लूटार्क हा नंतरच्या काळातला लेखक सांगतो की फिडियसने त्या लढाईत दोन हातांनी दगड उचललेला टक्कल पडलेला म्हातारा म्हणून स्वतःला घुसवलं, आणि अ‍ॅमेझॉनशी लढणाऱ्या एका वीराला अथेन्सच्या पुढाऱ्याचा, पेरिक्लीसचा, चेहरा दिला. भाला उगारलेला हात असा ठेवला की चेहरा अर्धा झाकला जावा. नकलेत तो टकला म्हातारा खरंच सापडतो.

चार बाजूंच्या चार लढायांचं सार शाळेत सांगतात ते असं: शिस्त विरुद्ध बेबंदपणा. पण सेंटॉर आणि अ‍ॅमेझॉन एका तागडीत तोलायला मी तयार नाही. सेंटॉर लग्नात दारू पिऊन नवरीवर हात टाकतात. चेहरे आंबट, नाकं फेंदारलेली, दाढ्या अस्ताव्यस्त. ते हास्यास्पद होऊ शकतात आणि होतातही. अ‍ॅमेझॉन शेवटी हरते, पण कुरूप होत नाही. तिचा देह वीरपुरुषाच्या देहाइतकाच काळजीने कोरलेला असतो. अफझलखानाचा पोवाडा गाताना शाहीर खानाची ताकद हात राखून सांगत नाही. खान जेवढा अजस्र तेवढा महाराजांचा पराक्रम मोठा. ग्रीक कलावंताला हा हिशेब पाठ होता. इराणी शत्रूला थोर दाखवणं जड गेलं असतं, अ‍ॅमेझॉनला दाखवता येत होतं.

कथेची सोयीने काटछाटही झाली. सहाव्या शतकाच्या अखेरचे कलावंत थीसियस अँटिओपीला उचलून नेतोय हे राजरोस दाखवतात. लढाईचं कारण अथेन्सचाच राजा, हे त्यातून उघड होतं. शंभरेक वर्षांनी लिसियास या वक्त्याच्या नावावर असलेल्या, युद्धात पडलेल्यांसाठीच्या भाषणात अ‍ॅमेझॉन अथेन्सची कीर्ती ऐकून, हव्यासापोटी स्वारी करतात. अँटिओपीचं नावही नाही. आगळीक कुणी केली हा मुद्दाच वगळला. स्मारकांवर लढाई दिसते आणि कारण दिसत नाही, याचा असाही उपयोग होतो.

बायकांची भीती हा पदर इराणशी बांधून ठेवता येत नाही. इ.स.पू. ४११ मध्ये अ‍ॅरिस्टोफेनीसच्या विनोदी नाटकात अथेन्सच्या बायका संप करून अ‍ॅक्रोपोलिस ताब्यात घेतात. म्हाताऱ्या पुरुषांचा घोळका चिडून म्हणतो, यांना घोड्यावर बसू दिलं तर संपलंच, मिकॉनने रंगवलेल्या त्या अ‍ॅमेझॉन बघा! इराणी लढाया तेव्हा दोन पिढ्या मागे पडल्या होत्या. म्हाताऱ्यांना त्या भिंतीवर आपल्या घरातल्या बायका दिसत होत्या.

मग घरातल्या बायकांना काय दिसत होतं? याबद्दल त्यांनी लिहिलेलं काही उरलेलं नाही, पण त्यांच्या हातातल्या वस्तू आहेत. लोकर साफ करून तिचे पेळू वळताना अथेन्सच्या बायका मांडीवर मातीचं एक अर्धगोल आवरण घालत. एल्यूसिसला सापडलेल्या, इ.स.पू. ५०० च्या सुमाराच्या अशा एका आवरणावर अ‍ॅमेझॉन आहेत. युद्धाला निघण्याची तयारी चालली आहे, आणि एक जण तुतारी फुंकते आहे. तिच्या तोंडापुढे अक्षरं लिहिली आहेत, ज्यांना शब्द म्हणून काही अर्थ नाही: तोते, तोतोते असा काहीसा तुतारीचा आवाज. अभ्यासक हे अगदी सुरुवातीच्या स्वरलेखनाचं उदाहरण म्हणूनही पाहतात. मला मात्र मांडीवर ती तुतारी घेऊन लोकर वळत बसलेली बाई जास्त विचारात पाडते. या चित्रात एकही पुरुष नाही, कुणी मरत नाही. त्याच काळातल्या निमुळत्या, पांढऱ्या पार्श्वभूमीच्या अत्तराच्या कुप्यांवरही विजार घातलेली, धनुष्य घेतलेली एकटी अ‍ॅमेझॉन येते. या वस्तू बायकांच्या वापरातल्या. घडवणारे पुरुष होते, विकत घेणारेही बहुधा पुरुषच. पण रोज समोर असे ते बाईच्या.

इथे एक गैरसमज उरकून टाकू. धनुष्य ओढायला सोपं जावं म्हणून अ‍ॅमेझॉन उजवा स्तन कापत किंवा डागत, असं ग्रीक लेखक लिहितात आणि आजही ते सर्रास सांगितलं जातं. ग्रीक कलेत तशी अ‍ॅमेझॉन दिसत नाही. वस्त्र खांद्यावरून सरकून एक स्तन उघडा पडलेला असतो, दोन्ही असतात मात्र शाबूत.

एफेससच्या आर्टेमिस देवळातल्या अ‍ॅमेझॉन पुतळ्यांची गोष्ट रोमन लेखक प्लिनीने सांगितली आहे. फिडियस, पॉलिक्लाइटस, क्रेसिलास वगैरे नामवंतांनी एकेक पुतळा केला, आणि सर्वोत्तम कोणता हे त्यांनाच ठरवायला सांगितलं. प्रत्येकाने पहिलं मत स्वतःला दिलं. दुसरं मत सगळ्यांचं पॉलिक्लाइटसला, म्हणून तो जिंकला. किस्सा बनावट असेल, पण पुतळे होते. रोमन काळातल्या त्यांच्या नकला आहेत. त्यांतल्या काही अ‍ॅमेझॉन जखमी आहेत. उजवा हात डोक्याकडे उचललेला, जखम काखेजवळ, आणि तरी ताठ उभ्या. समोर मारणारा कुणी नाही. दोनशे वर्षं जी आकृती कुणाच्या तरी पराक्रमाचा पुरावा म्हणून उभी होती, तिला इथे स्वतःची जागा मिळाली. शिवाय एफेससच्या देवळाशी अ‍ॅमेझॉनांचं नातं वेगळं होतं: तिथल्या दंतकथांत त्या आश्रयाला आलेल्या होत्या, देवीच्या भक्त होत्या. शहर बदललं की शत्रूही बदलतो.

इराण-रूपकाला खरी खीळ बसते ती हॅलिकार्नाससमध्ये, म्हणजे आजच्या बोद्रुममध्ये. इथे मॉसोलस राज्य करत होता, इराणी सम्राटाचा सुभेदार म्हणून. तो इ.स.पू. ३५३ मध्ये वारला. त्याची बहीण आणि बायको आर्टेमिसिया हिच्या देखरेखीखाली त्याची प्रचंड समाधी उभी राहिली. ती जगातल्या सात आश्चर्यांत गणली गेली. स्कोपाससारखे ग्रीक शिल्पकार त्यासाठी आले होते. तिच्यावरच्या लांब शिल्पपट्टात ग्रीक आणि अ‍ॅमेझॉन लढतात. अ‍ॅमेझॉन म्हणजे इराणी असं असेल, तर इराणच्या सुभेदाराने आपल्या थडग्यावर आपल्याच मालकाचा पराभव का कोरून घ्यावा? या पट्टातल्या अ‍ॅमेझॉन अजिबात दबलेल्या नाहीत. एक तर घोड्यावर उलटी वळून, मागे बघत लढते आहे. कुणाचं पारडं जड, हे अनेक जोड्यांत सांगता येत नाही.

त्यात हे शहर खास. याच हॅलिकार्नाससची आधीची एक राणी, तिचंही नाव आर्टेमिसिया, इ.स.पू. ४८० मध्ये सॅलॅमिसच्या समुद्री लढाईत झर्क्सिसच्या बाजूने स्वतःची पाच जहाजं घेऊन उतरली होती. हिरोडोटस याच गावचा; तो तिचं कौतुक लपवत नाही. तो सांगतो की अथेन्सने तिला जिवंत पकडणाऱ्याला दहा हजार द्राख्मांचं इनाम लावलं होतं, कारण एका बाईने अथेन्सवर शस्त्र उचलावं हे त्यांना असह्य झालं. ती निसटली. अथेन्सला प्रत्यक्ष भेटलेली शस्त्रधारी राणी हीच, आणि तिला ते पकडू शकले नाहीत.

आणि सिथियाच्या गवताळ मैदानांवर? हिरोडोटसच्या मते अ‍ॅमेझॉन आणि सिथियन तरुण यांच्यापासून सॉरोमाताय नावाची जमात झाली, जिच्या बायका घोड्यावर बसून शिकारीला आणि लढाईला जात. बराच काळ हे सगळं थापेबाजीत जमा होतं. पण उत्तर काळ्या समुद्रापासून उरलपर्यंतच्या टेकाडवजा थडग्यांत भाले, बाणांची टोकं, घोड्याचा सरंजाम यांसोबत पुरलेली हाडं बायकांची निघाली आहेत. रशियात व्होरोनेझजवळच्या देवित्सा गावी २०१९ मध्ये एकाच थडग्यात चार सिथियन स्त्रिया सापडल्या. सगळ्यात लहान बारा-तेरा वर्षांची, सगळ्यात मोठी ४५ ते ५० ची. म्हणून पुराणकथा खऱ्या ठरत नाहीत. थीसियसच्या गावात कुणी आलं नव्हतं. पण घोड्यावर बसून तीर मारणाऱ्या बायका कुठेतरी आहेत, एवढी बातमी ग्रीकांकडे होती आणि ती खरी होती. चौथ्या शतकात अथेन्सचे कुंभार अ‍ॅमेझॉनांची चित्रं काढलेले घट क्रिमियाकडे पाठवत होते; केर्चच्या परिसरात ते मोठ्या संख्येने मिळाले आहेत. गिऱ्हाईक सिथियन शेजाराला राहणारं होतं आणि त्या घटांवर अ‍ॅमेझॉन अनेकदा ग्रीकांऐवजी ग्रिफिन या पंखवाल्या प्राण्याशी लढतात.

रोमन लोकांनी हा विषय दगडी शवपेट्यांवर नेला. व्हॅटिकनच्या संग्रहात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातली एक आहे. चहूकडे रणधुमाळी, मधोमध अकिलीस, आणि त्याने सावरून धरलेली पेंथेसिलिया, अंग सैल पडलेलं. दोघांचे चेहरे मात्र पुराणातले नाहीत. ते पेटीत पुरलेल्या रोमन नवराबायकोचे आहेत, आणि तिच्या केसांची धाटणी त्या काळातल्या रोमन बायकांची आहे. कुटुंबाला ही गोष्ट नवऱ्याने बायकोला मारल्याची वाटली नसणार. अथेन्स, इराण, थीसियस, अ‍ॅरिओपॅगस यांच्याशी तर त्यांना काही देणंघेणंच नव्हतं.